वेगाचें गणित आणि वाटेवरील पाळत

अकलूजहून पुण्यामार्गें मुंबईस जाणाऱ्या मोटारीचा सरासरी वेग द्रुतगती मार्गावर २०२४ सालापासून कॅमेरे मोजतात. दोन ठिकाणांमधील अंतरास लागलेल्या वेळानें भागिलें कीं वेग निघतो.

हें गणित जुनेंच आहे. इंग्लंडांत १९०३ च्या कायद्यानें ताशीं २० मैलांची मर्यादा घातली, तेव्हां पोलीस झुडपाआड घड्याळ घेऊन बसत आणि मोजलेलें अंतर मोटार किती सेकंदांत तोडते हें पाहत. चिडलेल्या चालकांनीं १९०५ सालीं संघ स्थापिला. त्याचे सायकलस्वार सापळ्याची सूचना देत. १९१० सालीं न्यायालयानें ही सूचना गुन्हा ठरविली. मग सायकलस्वारानें सलाम न करणें हीच खूण ठरली!

तथापि एक भेद मोठा आहे. घड्याळवाला शिपाई निर्दोष गाडी विसरून जाई. कॅमेऱ्यास मात्र पुढें ताळा पाहण्यासाठीं प्रत्येक गाडीचा क्रमांक आधींच टिपावा लागतो. भारतांत २०२१ च्या केंद्रीय नियमानें कॅमेऱ्यापूर्वीं सूचनाफलक आवश्यक केला. झुडपाआडचा सापळा येथें उरला नाहीं. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें खासगीपणा मूलभूत हक्क मानिला आहे. वेगमर्यादेनें जीव वाचतात, हें खरेंच. म्हणून अपराध्याची नोंद राहावी. परंतु निर्दोषाची नोंद किती दिवस राहावी, हें विचारणें म्हणजे कायद्यास विरोध नव्हे.