ओरिजिनल पेट्रोल की बसवलेलं डिझेल? जुन्या जीपच्या बॉनेटखालचा इतिहास

माझ्या पीएचडीचा विषय आहे स्वातंत्र्यानंतरच्या भारतातली वाहनदुरुस्ती. हे कुणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग एक सांग, जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घ्यायची आहे. ओरिजिनल पेट्रोलवाली घेऊ की डिझेल इंजिन बसवलेली?" एवढी वर्षं जुनी कागदपत्रं चाळून शेवटी आपण गाड्यांचे दलाल झालो की काय, असं वाटतं. पण खरं सांगायचं तर हा प्रश्न माझ्या विषयाच्या अगदी मधोमध बसतो. कारण या जीपांमधली इंजिनं का बदलली गेली हे कळल्याशिवाय बदललेली जीप घ्यावी का, हे ठरवताच येत नाही.

आधी मूळ गाडी बघू. 1945 मध्ये मुंबईत 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी सुरू झाली. (यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं.) या कंपनीने अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीपा सुट्या भागांत आणून इथे जोडायला सुरुवात केली. आज आपण 'जुनी महिंद्रा जीप' म्हणतो ती बहुतेक वेळा सीजे-3बी असते. अमेरिकेत हे मॉडेल 1953 साली आलं. तिचं बॉनेट उंच आणि चौकोनी आहे, आणि ते शोभेसाठी नाही. युद्धकाळातलं 'गो-डेव्हिल' इंजिन काढून विलीजने तिच्यात 'हरिकेन' हे इंजिन बसवलं. हरिकेनमध्ये इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट वर उचलावं लागलं. म्हणजे ज्या गाडीला आज लोक 'ओरिजिनल' म्हणतात, तिचा चेहराच मुळी एका इंजिनबदलातून आला आहे!

हे हरिकेन साधारण 2.2 लिटरचं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. शांत, नरम, सकाळी पटकन सुरू होणारं. आणि प्यायला बसलं की थांबत नाही. जुने चालवणारे लिटरला सात-आठ किलोमीटर सांगतात, घाटात त्याहून कमी.

1973 च्या तेलसंकटापर्यंत हे खपून गेलं. त्यानंतर जगात तेल महागलं, आणि आपल्याकडे सरकारने ट्रक, एसटी, शेतीचे पंप यांचा विचार करून डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त ठेवलं. हा दोन किमतींमधला फरक पुढे कित्येक वर्षं टिकला, आणि माझ्या मते देशभरच्या गॅरेजांमधल्या इंजिनबदलांचं खरं कारण तोच आहे. सातारा-सांगली-कोल्हापूर भागात वडाप चालवणाऱ्या माणसाचा हिशोब सरळ होता. तिकीट वाढवता येत नाही, माणसं कोंबण्यालाही मर्यादा आहे (फार नाही, पण आहे), मग वाचवायचं कुठे? इंधनात. इंजिन बदलायचा खर्च मोठा, पण गाडी रोज रस्त्यावर असेल तर तो भरून निघतो. महिन्यातून दोनदा शेतावर जाणाऱ्या बागाईतदाराला तो कधीच भरून निघाला नसता. नेमका हाच फरक आजच्या खरेदीदारालाही लागू आहे, पण त्याकडे नंतर येते.

या सगळ्याला 'जुगाड' म्हणायची फॅशन आहे, आणि मला त्या शब्दाचा राग येतो. गॅरेजवाले जे करत होते तेच कंपन्याही करत होत्या. अमेरिकेत 1960 च्या दशकात जीप सीजे-5 कारखान्यातूनच ब्रिटिश पर्किन्स डिझेल इंजिनासह मिळत असे. महिंद्राने आपल्या जीपमध्ये 2350 सीसीचं डिझेल बसवलं, ज्याची नाळ इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनाशी जुळते. पुढे त्यांनी फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी 4.90 या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि ते इगतपुरीला बनू लागलं. नावातच त्याची ओळख आहे: चार सिलिंडर, 90 मिलिमीटर बोअर, एकूण 2112 सीसी. त्याच घराण्याचं इंजिन फ्रान्समध्ये प्यूजो 504 या कुटुंबवत्सल मोटारीत होतं. जबलपूरच्या वाहन कारखान्यात लष्करासाठी बनणाऱ्या निस्सानच्या जोंगाचीही तीच गोष्ट. तिचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन जवळजवळ चार लिटरचं! लष्कराच्या लिलावातून बाहेर पडलेली जोंगा खाजगी मालकाकडे आली की डिझेलसाठी गॅरेजची वाट धरायची, यात नवल काय?

आता इंजिन बदललं म्हणजे नक्की काय बदललं? नवखे खरेदीदार हॉर्सपॉवर विचारतात. विचारायला हवा क्राउन-पिनियनचा रेशो.

सीजे-3बी चा मूळ ॲक्सल रेशो 5.38. म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिन 5.38 वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं. 16 इंची रिमवरच्या मूळ टायरचा घेर साधारण 2.27 मीटर धरा. इंजिन मिनिटाला 3000 फेरे मारत असेल तर वेग येतो ताशी 76 किलोमीटर. पेट्रोल इंजिनाला हे ठीक आहे, ते आणखी वर फिरू शकतं. पण ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, सावकाश फिरणारं डिझेल तिथे बसवलं आणि बाकी काही बदललं नाही, तर 2000 फेऱ्यांना गाडी पन्नाशीत रेंगाळते आणि त्यापुढे नुसता आवाज. अशी जीप शेतात उत्तम, बांधावरून आरामात चढेल. पण तीच घेऊन पुण्याहून महाबळेश्वरला निघालात तर पोहोचेपर्यंत कानात दडे बसतील.

यावर मिस्त्रींनी उपाय काढला तो ॲक्सल बदलायचा. रेशो 4.27 चा केला की त्याच 3000 फेऱ्यांना गाडी पंचाण्णवच्या आसपास जाते. पण फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचा रेशो एकच लागतो. तो वेगळा असेल तर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावताच पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात, ट्रान्सफर केसवर ताण येतो आणि काहीतरी तुटतं. दोन्ही ॲक्सल बदलायचे तर खर्च दुप्पट. वडापवाल्याला फोर-व्हीलची गरज नव्हती, म्हणून त्याने मागचा तेवढा बदलला आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढून ठेवला. त्याच्या दृष्टीने हा शहाणपणाचाच निर्णय. चाळीस वर्षांनी ती गाडी कुणीतरी 'फोर बाय फोर, रनिंग कंडिशन' म्हणून विकतो, शाफ्ट परत जोडून. घोळ तिथे होतो.

म्हणून बदललेली जीप बघायला गेलात तर बॉनेट उघडायच्या आधी गाडीखाली वाका. दोन्ही ॲक्सलचा रेशो तपासून घ्या: चाकं उचलून, एका बाजूचं चाक धरून ठेवून दुसऱ्याच्या फेऱ्या मोजल्या तर अंदाज येतो, कुठलाही चांगला मिस्त्री हे करून देईल. मग इंजिनाचं फाउंडेशन बघा. चेसिसवर नीट प्लेट घालून वेल्डिंग केलंय की नुसते तुकडे चिकटवलेत? बेल हाउसिंग आणि गिअरबॉक्सच्या मधली ॲडॅप्टर प्लेट चांगल्या लेथवर झालेली नसेल तर मेन शाफ्टचं बेअरिंग वारंवार जातं. डिझेलचं वजन जास्त, त्यामुळे पुढचे पाटे बसलेत का तेही पाहा. हे सगळं नीट असेल, तर जुनं पण चांगलं केलेलं काम मी नव्या घाईच्या कामापेक्षा कधीही पसंत करेन. तीस वर्षं चाललेल्या जोडणीची चाचणी रस्त्यानेच घेतलेली असते.

हल्ली उलटा प्रवास सुरू आहे. हौशी लोक डिझेल काढून शोधून-शोधून हरिकेन परत बसवतात. त्यामागे आर्थिक कारणही आहे: 2010 च्या जूनमध्ये पेट्रोलच्या आणि 2014 च्या ऑक्टोबरमध्ये डिझेलच्या किमतीवरचं सरकारी नियंत्रण गेलं आणि दोघांमधली दरी अरुंद झाली. महिन्याला दोन-तीनशे किलोमीटर फिरणाऱ्याला डिझेलसाठी इंजिन बदलण्यात आता काहीच हशील नाही. चांगलं पेट्रोल इंजिन असलेली जीप मिळाली तर ती तशीच घ्या, राहू द्या. पण सत्तर-ऐंशीच्या दशकात नीट बदललेली, कागदावर नोंदलेली डिझेल जीप निव्वळ 'ओरिजिनल'च्या हट्टापायी मागे नेऊ नका. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला ते एखाद्या वाड्याची नंतर बांधलेली माडी पाडण्यासारखं वाटतं. आणि व्यवहार म्हणून पाहिलं तरी हरिकेनचे चांगले सुटे भाग मिळवण्यापेक्षा प्यूजो डिझेलचे मिळवणं सोपं आहे.

'कागदावर नोंदलेली' हे शब्द मी मुद्दाम वापरले. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात बदल करून तो आरटीओला कळवायची सोय होती, म्हणून जुन्या आरसी बुकांमध्ये इंजिन नंबर खोडून नवा लिहिलेला, शिक्का मारलेला दिसतो. 1988 च्या कायद्याच्या कलम 52 मध्ये परवानगी आधी घेणं आलं. 2000 च्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या मूळ नोंदींपासून फारकत घेणारा बदलच मनाई झाला, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात ही मनाई ठामपणे उचलून धरली. सीएनजीसारख्या मान्यताप्राप्त किटची वाट वेगळी. त्यामुळे "तुम्ही पेट्रोल घ्या, डिझेल मी बसवून देतो" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा.

आणि आधीच बदललेली घेत असाल तर आरसीवरचा इंजिन नंबर आणि इंधनाचा रकाना ब्लॉकवर कोरलेल्या नंबराशी ताडून बघा. टॉर्च आणि वायर ब्रश सोबत न्या, कारण प्यूजोच्या ब्लॉकवरचा नंबर बहुतेक वेळा तेलाच्या थराखाली असतो.