एकाच नजरेने

पायाखाली चिखल आणि नाकात कुजक्या मासळीचा दर्प. माडांच्या बुंध्याशी खत म्हणून मासळी पुरतात. पावसाळ्यात सगळ्या बेटाला हाच वास असतो. तारीख 8 ऑगस्ट 1672. मुंबईच्या किल्ल्याकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुम्ही गर्दीत अंग चोरून उभे आहात.

नगारे वाजतात. हिरव्या पोशाखातले पन्नास भंडारी दोन-दोनच्या रांगेने पुढे येतात. शेजारची म्हातारी मान उंचावून त्यांत आपला नातू शोधते आहे. मागून वीस हिंदू आणि वीस मुसलमान, आपापल्या जातीजमातींच्या वतीने. मग घोड्यांवर दोन चिटणीस, एक इंग्रज, एक पोर्तुगीज. त्यांच्या हातातली रुमालात बांधलेली कागदपत्रे नीट पाहून घ्या. त्यातच इंग्लंडच्या राजाची सनद आहे. 1668 मध्ये चार्ल्स दुसऱ्याने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिले, ती ही सनद. तिच्या मागून पालखीत गव्हर्नर जेराल्ड आँजिए, आणि त्याच्याही मागे मखमली झूल घातलेल्या घोड्यावर न्यायाधीश जॉर्ज विलकॉक्स. पोर्तुगीज कायदा संपला, इंग्रजी कायदा सुरू झाला.

मिरवणूक न्यायकचेरीत पोहोचते आणि तिथे आँजिए भाषण करतो. या बेटावर इंग्रज आहेत, पोर्तुगीज आहेत, मुसलमान आहेत, हिंदू आहेत. न्यायासनावर बसशील तेव्हा सगळ्यांकडे एकाच नजरेने पाहा, असे तो विलकॉक्सला बजावतो. तुमच्या आसपास उभ्या असलेल्यांना त्यातले अक्षरही कळत नाही. तुम्हाला कळते, आणि अंगावर काटा येतो. येऊ द्या. हा माणूस मनापासून बोलतो आहे, असे मला वाटते. पण त्याला हिशेबही कळतो. सुरतेला कंपनीचा माल मुघल अंमलदारांच्या मर्जीवर अडतो. इथे बंदर आपले, टांकसाळ आपली. उणीव आहे ती व्यापाऱ्यांची. आणि आपली थैली कोणाच्या लहरीवर जाणार नाही, याची खात्री पटल्याशिवाय व्यापारी घर सोडून येत नाही.

ही खात्री व्यापाऱ्यांना कशी हवी होती, ते पाहायला पाच वर्षे पुढे या. 1677 साल. दीवचा निमा पारख मुंबईत यायला तयार आहे, पण तोंडी शब्दावर नाही. त्याच्या अटींचा कागद वाचा. घरासाठी जागा द्या. धर्म पाळायची मोकळीक द्या, कोणाला बळजबरीने बाटवू नका. आमच्या आवारात जीवहत्या नको. मयतांना आमच्या रीतीने अग्नी देऊ. ओझी वाहायला कोणी धरून नेणार नाही. जातीतले तंटे जातीतच मिटवू. कंपनी मान्य करते. सर्वांसाठी एक कायदा आणि ज्याच्या-त्याच्या घरात ज्याची-त्याची रीत, ही या शहराची घडण तुम्हाला इथे एका कराराच्या कलमांत दिसते. ती घडण कोणा उदार राजाने बहाल केली नाही, एका वाण्याने घासाघीस करून मिळवली. मला तिचे मोल त्यामुळेच अधिक वाटते.

आता 1720. इथे थांबणे जड जाईल. पिंजऱ्यात रामा कामती उभा आहे: शेणवी, मोठा व्यापारी, वाळकेश्वराचे देऊळ नव्याने बांधणारा, कंपनीचा जुना विश्वासू. आरोप असा की तो आतून कंपनीचे वैरी, मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांना मिळालेला आहे. पुरावा म्हणून पत्रे आहेत, आणि त्याच्या नोकराचा जबाब. नोकराच्या अंगठ्यांवर लोखंडी पेच आवळून तो जबाब काढलेला आहे. फिर्यादी कंपनी, न्यायासनही कंपनीचे. रामाची मालमत्ता जप्त होते, तो कैदेतच मरतो. पत्रे बनावट होती, हे पुढे उघड झाले. दोन व्यापाऱ्यांच्या तंट्यात आँजिएची ती एक नजर टिकत असेल; समोर खुद्द सरकार उभे राहिले तेव्हा ती हलली.

आजच्या मुंबईत परत या आणि बेट शहरातल्या एखाद्या जुन्या जमिनीचे मालमत्ता पत्रक काढा. धारणाधिकाराच्या रकान्यात ‘पेन्शन अँड टॅक्स’ असे लिहिलेले सापडेल. त्यातल्या ‘पेन्शन’चा निवृत्तिवेतनाशी काही संबंध नाही. 1674 मध्ये आँजिएने जमीनदारांशी तडजोड केली: त्यांनी मिळून वर्षाला 20,000 अश्रफ्या भराव्यात, कंपनीने त्यांच्या जमिनींवरचा दावा सोडावा. तो आकार या नावाने सरकारी दप्तरात राहिला. किती राजवटी आल्या नि गेल्या, पण हा रकाना कोणी पुसला नाही. जमिनीची ही नोंद जितकी चिवट निघाली, तितके कचेरीतले ते भाषण निघाले नाही.

मग उच्च न्यायालयात जा. 1862 मध्ये स्थापन झालेले हे न्यायालय 1879 पासून याच दगडी इमारतीत भरते. बाहेर लावलेली दिवसाच्या कामाची यादी वाचा. प्रकरणामागून प्रकरणात प्रतिवादी म्हणून महाराष्ट्र शासन, महापालिका, भारत सरकार. नागरिक सरकारलाच इथे खेचून आणतो, तो राज्यघटनेच्या कलम 226 खाली. ते कलम 1950 मध्ये आले, आणि ते आपल्या माणसांनी आपल्यासाठी लिहिले.