औषध-वितरण : ऐतिहासिक आढावा

शोषणानंतर रक्तात आलेले औषध निरनिराळ्या ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांत) पसरण्याच्या क्रियेस ‘वितरण’ म्हणतात. हे पसरणे सर्वत्र सारखे नसते, ही गोष्ट प्रथम रंजकद्रव्यांमुळे ध्यानात आली. पॉल एर्लिक यांनी १८८५ मध्ये प्राण्यांना टोचलेल्या काही रंजकांनी इतर अवयव रंगले. मेंदू मात्र रंगला नाही. एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये मस्तिष्क-मेरुद्रवात रंजक टोचले तेव्हा मेंदू रंगला. रक्त व मेंदू यांमधील रोधाची कल्पना त्यावरून दृढ झाली. १९३७ मध्ये टॉर्स्टन टेऑरेल यांनी वितरणाचे गणित मांडले.

कुष्ठरोगावरील क्लोफाझिमीन हे औषधही तांबडे रंजकच आहे. डब्लिन येथे व्हिन्सेंट बॅरी व त्यांचे सहकारी यांनी ते क्षयरोगासाठी शोधले (१९५७). वसेत विरघळत असल्याने ते वसा-ऊतकात व महाभक्षी कोशिकांत साठते. शरीरातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सु. ७० दिवस लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचारात त्याचा समावेश झाला. हा उपचार भारतात ज्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला त्यांत वर्धा होता. साठलेल्या औषधाने त्वचा काळवंडते व औषध थांबविल्यावर ती अतिशय सावकाश पूर्ववत होते. रोग लपवू पाहणाऱ्या रुग्णास हा रंग जाचक वाटतो व काही जण उपचार अर्धवट सोडतात. म्हणून उपचारापूर्वीच रुग्णास त्याची कल्पना देणे आवश्यक असते.