प्लावकता नियंत्रक

प्लावकता नियंत्रक हे स्कूबा डायव्हिंग करणाऱ्या पाणबुड्याने अंगावर घालावयाचे साधन आहे. पाण्यातील वस्तूस वर ढकलणाऱ्या बलाला प्लावक बल म्हणतात. या साधनातील पिशवीत हवा भरून अथवा सोडून पाणबुड्या हे बल कमी-अधिक करतो आणि हव्या त्या खोलीवर स्थिर राहतो. सिलिंडर पाठीवर धरून ठेवणारा पट्ट्यांचा साजही याच साधनाचा भाग होय. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ते ‘बीसीडी’ म्हणून ओळखले जाते. अंगावरील जादा शिशाची भरपाई जादा हवेने करता येत असली, तरी तसे करणे धोक्याचे असते. म्हणून साजाची निवड, त्याची जुळवणी आणि वजनाचा हिशेब यांचा विचार एकत्र करावा लागतो.

कार्यतत्त्व

आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार प्लावक बल हे वस्तूने बाजूस सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके असते. पाण्यात दर १० मीटर खोलीमागे दाब सुमारे १ वातावरणाने वाढतो. त्यामुळे पृष्ठभागावर १० लिटर असलेली पिशवीतील हवा १० मीटर खोलीवर ५ लिटर होते. वेटसूटच्या रबरातील हवेचे बुडबुडेही असेच आक्रसतात. वर येताना याच्या उलट घडते : हवा प्रसरण पावते, वर जाण्याचा वेग वाढतो आणि त्या वेगाने हवा आणखी प्रसरण पावते. पिशवीत जितकी हवा अधिक, तितका हा बदल मोठा व आवरण्यास कठीण असतो.

प्रकार

फ्रान्समधील मॉरिस फेन्झी यांनी १९६१ मध्ये गळ्याभोवती घालावयाच्या, हवा कमी-अधिक करता येणाऱ्या जाकिटाचे एकस्व घेतले. आज मुख्यत्वे पुढील प्रकार वापरात आहेत.

जाकीट : यात हवा पाठीबरोबरच कुशीच्या बाजूंसही असते. पृष्ठभागावर उभे तरंगणे सोपे जाते. मात्र पूर्ण फुगल्यावर काही जाकिटे छाती आवळतात.

पाठीवरील पिशवीचे जाकीट : सर्व हवा पाठीमागे असल्याने छाती मोकळी राहते व पाण्याखाली आडवे राहणे सुलभ होते. पृष्ठभागावर ती फाजील फुगवल्यास मात्र पाणबुड्या पुढे कलतो.

पाटी व विंग : धातूच्या पाटीत ओवलेला नायलॉनचा पट्टा आणि पाटीमागे स्वतंत्र पिशवी, अशी याची रचना असते. पट्टा प्रत्येकाच्या अंगाप्रमाणे कमी-जास्त करता येतो. पोलादी पाटीचे वजन शिशाच्या वजनातून वजा धरावे लागते.

निवड

पिशवीच्या उचलशक्तीने दोन गरजा भागल्या पाहिजेत. एक, भरलेल्या सिलिंडरसह साज अंगावरून काढला असता तो पाण्यावर तरंगला पाहिजे. दोन, खोलवर वेटसूटची गेलेली प्लावकता आणि सिलिंडरमधील हवेचे वजन भरून निघाले पाहिजे. कोकण, गोवा, लक्षद्वीप किंवा अंदमान येथील उबदार पाण्यात पातळ वेटसूट पुरत असल्याने एका सिलिंडरसाठी फार मोठ्या पिशवीची गरज नसते. गरजेपेक्षा मोठी पिशवी पाण्यात अडथळा करते व तिच्यातील हवा एका कडेला साचून राहते.

माप नेहमी वेटसूटवर घालून पाहावे. सर्व बकले लावून पिशवी पूर्ण फुगवली असता दीर्घ श्वास घेता आला पाहिजे. हवा भरण्याची कळ व हवा सोडण्याच्या सर्व झडपा न पाहता हाताशी आल्या पाहिजेत.

जुळवणी

सिलिंडरभोवतीचा नायलॉनचा पट्टा ओला करूनच आवळावा, कारण असा पट्टा भिजल्यावर सैल पडतो. नंतर साज उचलून हलवावा. सिलिंडर सरकता कामा नये. मान मागे केल्यावर डोके झडपेवर आपटू नये, इतक्या उंचीवर सिलिंडर बसवावा. खांद्यावरील पट्ट्याखालून हात सहज सरकावा. कमरेचा पट्टा घट्ट, परंतु पोटाने श्वास घेता येईल इतपत असावा. साज वर सरकत असल्यास मांड्यांमधून जाणारा पट्टा जोडावा.

वजनाचा हिशेब

१२ लिटरच्या सिलिंडरमधील दाब २०० बारवरून ५० बारवर येतो, तेव्हा सुमारे सव्वादोन किलो हवा वापरली गेलेली असते. म्हणजेच बुडीच्या अखेरीस पाणबुड्या तितका हलका होतो. म्हणून वजनाची चाचणी अखेरीस घ्यावी : सिलिंडरमध्ये ५० बार उरले असता आणि पिशवी रिकामी असता ५ मीटरवर स्थिर राहता यावे. तेथे पिशवीत बरीच हवा ठेवावी लागत असेल, तर शिसे जास्त झाले आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे २.५ टक्के जड असल्याने साहित्यासह १०० किलो भरणाऱ्या पाणबुड्यास समुद्रात सुमारे २.५ किलो शिसे अधिक लागते. पाय खाली जात असल्यास काही वजन डोक्याच्या दिशेने हलवावे.

सुरक्षा व निगा

अनावर वेगाने वर येताना श्वास रोखल्यास फुप्फुसातील हवा प्रसरण पावून प्राणघातक इजा होऊ शकते. वेगाने वर आल्यास विसंपीडन-विकाराचा धोकाही वाढतो. म्हणून वर येताना पिशवीतील हवा थोडी थोडी सोडत राहावे लागते. संकटात पृष्ठभागावर टाकून देता येईल असे काही वजन असावे. हे साधन जीवरक्षक जाकीट नव्हे. बेशुद्ध व्यक्तीचे तोंड पाण्यावर राहील याची हमी ते देत नाही.

प्रत्येक बुडीपूर्वी पिशवी फुगवून गळती तपासावी. वापरानंतर ती आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवावी. कळीत मिठाचे कण साचल्यास ती अडकून हवा आपोआप भरत राहण्याचा संभव असतो. तसे झाल्यास नळी तत्काळ वेगळी करून हवा सोडावी. ही कृती प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उथळ पाण्यात आधीच सरावाची केलेली असावी.