गावची घंटा आणि आपली सोसायटी

स्मरणिका समितीचा निरोप आला, "अंकल, तुम्ही इथले मूळचे. गावच्या चर्चबद्दल काहीतरी लिहा ना." मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. पण आपली इमारत उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून हे गाव आणि हे चर्च बघत आलोय. तेव्हा ठाऊक आहे ते लिहितो. सुरुवात घंटेपासून करतो, कारण आपल्या सोसायटीतला पहिला वादही घंटेवरूनच झाला होता.

जुन्या सभासदांना आठवत असेल. पहिल्याच सर्वसाधारण सभेत, आयत्या वेळच्या विषयांत, एक सभासद उठून म्हणाले, "पहाटे झोपमोड होते. चर्चला पत्र द्या." मला राग आला होता, पण गप्प बसलो. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. सभा संपल्यावर मूळचे नाशिकचे आपले एक शेजारी माझ्याकडे आले. "अंकल, ही घंटा दिवसातून तीनदा का वाजवतात हो?"

मी सांगितलं, पहाटे, दुपारी बारा वाजता आणि संध्याकाळी. देवदूताने मरियामातेला दिलेल्या निरोपाची ती प्रार्थना. वाडीत काम करणारा माणूस घंटा ऐकली की हातातलं काम थांबवून दोन मिनिटं उभा राहायचा. मग मी विचारलं, "तुमच्या नाशिकची नारोशंकराची घंटा बघितलीय ना?" ते हसले. "म्हणजे काय! आमच्याकडे आवाजाने मोठ्या माणसाला तेच नाव ठेवतात." म्हटलं, "ती घंटा आमच्या वसईची."

वसई 1534 साली पोर्तुगीजांकडे गेली. किल्ल्यात आणि आसपासच्या गावांत चर्च उभी राहिली. धर्मांतरं झाली, कुठे मनापासून, कुठे सत्तेच्या दबावाने. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया 1597 साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले. 1862 मध्ये ते संत म्हणून जाहीर झाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. पुढे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. किल्ल्यातली चर्च ओस पडली आणि त्यांच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. एक नाशिकला आहे, एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीला. देवळात गेल्यावर तुम्ही ती वाजवलीही असेल.

राज्य गेलं, घंटा गेल्या, पण गावागावांतली धर्मग्रामं टिकली. धर्मग्राम म्हणजे नुसती चर्चची इमारत नव्हे. ठराविक हद्दीतली सगळी कुटुंबं आणि त्यांची जबाबदारी असलेले धर्मगुरू, असं ते गाव असतं. तिथे बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या असतात. इथे बाप्तिस्मा झालेल्या मुलीचं लग्न दुसऱ्या गावी लागलं, तर तिकडून कळवतात आणि तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लग्नाचीही नोंद होते. माणूस कुठेही गेला तरी त्याचं पान इथे उघडं राहतं.

नवीन शेजाऱ्यांना एका गोष्टीचं नवल वाटतं, ते म्हणजे आम्ही मराठीत प्रार्थना करतो. माझ्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. आम्ही पोरं अर्थ न कळता उत्तरं द्यायचो. 1962 ते 65 या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली आणि माझ्या आईला वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा वेदीवरचा शब्द न् शब्द कळला. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं, हरित वसईसाठी लोकांना रस्त्यावर उतरवलं आणि 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांचा लढा वाड्या आणि विहिरी वाचवण्याचा होता. आपली इमारतही एका केळीच्या वाडीवरच उभी आहे, हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

धर्मग्रामाचं खरं काम मात्र वेदीपासून लांब चालतं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद दोघादोघांनी अडलेल्या घरी जातात आणि कोणाला काय दिलं याचा बोभाटा करत नाहीत. 1833 मध्ये पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं हे काम वसईच्या गावांतही रुजलं. आणि सहकाराबद्दल म्हणाल, तर आपल्या आधी तोही इथे होता. शेतकरी सावकाराच्या कर्जात बुडत होते, तेव्हा 1918 साली मोन्सेनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी पतपेढी काढली. तीच आजची बॅसिन कॅथॉलिक बँक.

आता पुन्हा घंटेकडे येतो. ती आणखी एका कारणासाठी वाजते. गावात कोणी गेलं की थांबून थांबून एकेक टोल पडतो. बायका चुलीवरचं खाली उतरवून दारात येतात, "कोण गेलं?" तासाभरात सगळ्या गावाला कळतं आणि त्या घरी माणसं जमतात.

आपल्या सोसायटीच्या तिसऱ्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ वारले. एकटे राहायचे. रात्री त्रास झाला, भाचा येऊन दवाखान्यात घेऊन गेला, तिथेच गेले. आपल्याला चौथ्या दिवशी पेपरवाल्याकडून कळलं. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. मेंटेनन्स कोणाचा किती थकला, हे मला तोंडपाठ होतं. आजारी कोण आहे, हे माहीत नव्हतं. माझी आई म्हणाली, "दोन भिंतींपलीकडचा माणूस गेला आणि आपण टीव्ही बघत बसलो. गावात असता तर घंटा झाली असती."

ते बोलणं लागलं मला. पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये आम्ही एक वही केली. एकटं कोण राहतं, चावी कोणाकडे असते, मुलांचा फोन नंबर काय, कोणाला कोणतं औषध चालू आहे. आठवड्यातून एकदा दोघांनी जाऊन बेल वाजवायची, चहा घ्यायचा, परत यायचं. ही पद्धत कुठून उचलली ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतो. त्याच वहीमुळे करोनाच्या दिवसांत आपल्याकडे एकाही म्हाताऱ्या माणसाचं जेवण चुकलं नाही.

घंटेच्या तक्रारीचं पुढे काय झालं? तो विषय पुन्हा निघालाच नाही. नाशिकचे आपले शेजारी आता सत्तरी ओलांडून गेलेत. अजूनही एकेक टोल पडायला लागला की त्यांचा फोन येतो, "अंकल, कोण गेलं?" ओळखीचं घर असेल तर चपला घालून माझ्याबरोबर निघतात.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा. जाता जाता एक विनंती. ती वही अजून ऑफिसच्या कपाटात आहे, पण गेल्या दोन वर्षांत तिच्यात नवीन नावं चढलेली नाहीत. नवीन राहायला आलेल्या कुटुंबांनी येत्या रविवारी जरा खाली उतरावं. मी दहा वाजल्यापासून बसलेला असेन.