उत्क्रांतीचा वेग : युगे आणि हंगाम

सजीवांच्या जातींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या होणाऱ्या आनुवंशिक बदलाची गती म्हणजे उत्क्रांतीचा वेग. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ (१८५९) या ग्रंथात चार्ल्स डार्विन यांनी हा बदल अतिशय संथ मानला होता. १९७२ मध्ये नाइल्स एल्ड्रेज व स्टीफन जे गूल्ड यांनी वेगळे मत मांडले : जाती दीर्घकाळ जवळजवळ स्थिर राहतात आणि बदल तुलनेने अल्पकाळात घडतात.

हा वेग मोजण्याचे एकक जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये सुचविले. दहा लाख वर्षांत एखादे माप सुमारे २.७ पट होणे म्हणजे एक ‘डार्विन’. घोड्याच्या दाढांची उंची मात्र दहा लाख वर्षांत अवघी चारेक टक्के वाढली. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि पुढे भारतीय नागरिक झाले.

बदल काही वर्षांतही घडू शकतो, याचा दाखला मध्य भारताच्या कापूसपट्ट्यात मिळतो. पोलोग्राउंडसारखी जुनी औद्योगिक वसाहत असलेले इंदूर एकेकाळी कापडगिरण्यांचे शहर होते. त्याच्या दक्षिणेस विंध्य उतरला की निमाडची कापसाची काळी जमीन लागते. निमाडातून वाहणारी नर्मदा जिथे समुद्राला मिळते, त्या भडोच परिसरातील नमुन्यांवरूनच गुलाबी बोंडअळीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये झाले.

मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. या वाणात जिवाणूचे जनुक असते. त्यापासून तयार होणारे प्रथिन अळीच्या आतड्यातील विशिष्ट ग्राहकाला चिकटून तिला मारते. ज्या मोजक्या अळ्यांत हा ग्राहक सदोष होता, त्या वाचल्या व त्यांचीच संतती वाढली. २००९ च्या हंगामात गुजरातमध्ये प्रतिकारक्षम अळ्या आढळल्या. वर्षाला चार ते सहा पिढ्या धरल्यास हा प्रवास जेमतेम तीस-चाळीस पिढ्यांचा होता. २००६ मध्ये आलेले दोन प्रथिनांचे वाणही दशकभरात निष्प्रभ ठरू लागले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांना त्याची मोठी झळ बसली.

या वेगामागे निवडीचा तीव्र दाब होता. गुलाबी बोंडअळी जवळजवळ केवळ कापसावर जगते. अमेरिकन बोंडअळीप्रमाणे तूर-हरभऱ्याचा आसरा तिला नसतो. बीटीभोवती साध्या कापसाच्या ओळी लावण्याचा नियम क्वचितच पाळला गेला. साध्या कापसावरील पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर झाल्यास बहुतेक संतती बीटीला बळी पडते, हे त्या नियमाचे मर्म होते. लांब मुदतीच्या संकरित वाणांमुळे आणि फरदडीमुळे अळीला वाढण्यास अधिक काळ मिळाला. अमेरिकेत मात्र साध्या कापसाचे पट्टे, बीटी वाण व वंध्य पतंग सोडण्याची मोहीम यांच्या आधारे २०१८ मध्ये या किडीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले.

मग घोड्याची दाढ खरी की बोंडअळी? फिलिप जिंजरिच यांनी १९८३ मध्ये दाखविले की, मोजणीचा कालखंड जितका लहान, तितका वेग अधिक दिसतो. दीर्घकाळात उलटसुलट बदल परस्परांना छेद देतात. त्यामुळे दोन्ही उदाहरणे एकाच प्रक्रियेची ठरतात. वेळेवर फरदड मोडणे आणि साध्या कापसाच्या ओळी राखणे हे उपाय अळीबरोबरच तिच्या उत्क्रांतीलाही आवर घालतात.