आकाशगंगेच्या मध्यातील बिंबाभ्रिका

सूर्यासारख्या ताऱ्याचे इंधन संपत आले, की तो फुगतो आणि आपली बाह्य आवरणे अवकाशात फेकतो. उरलेल्या तप्त गाभ्यातून निघणाऱ्या अतिनील किरणांनी हा वायू उजळतो. त्यालाच बिंबाभ्रिका किंवा ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. ग्रहांशी त्याचा संबंध नाही. १७८० च्या दशकात विल्यम हर्शेल यांना दुर्बिणीतून हे तेजोमेघ ग्रहबिंबासारखे दिसले, त्यावरून हे नाव रूढ झाले.

बिंबाभ्रिकांच्या अभ्यासातील मोठी अडचण म्हणजे त्यांचे अंतर. अंतर ठाऊक नसेल, तर खरा आकार आणि खरी तेजस्विता कळत नाही. आकाशगंगेच्या मध्यवर्ती फुगवट्यातील बिंबाभ्रिका म्हणूनच मोलाच्या ठरतात. धनू राशीच्या दिशेला असलेल्या या साऱ्या बिंबाभ्रिका आपल्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहेत, असे धरता येते.

मात्र वाटेतील धुळीमुळे त्या सहज दिसत नाहीत. ही धूळ निळा-हिरवा प्रकाश अधिक शोषते, तांबडा त्या मानाने कमी. त्यामुळे हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या प्रकाशात शोध घेतला जातो. ऑस्ट्रेलियातील सायडिंग स्प्रिंग येथील १.२ मीटर व्यासाच्या श्मिट दुर्बिणीने केलेल्या अशा सर्वेक्षणातून २००६ मध्ये सुमारे ९०० नव्या बिंबाभ्रिकांची यादी प्रसिद्ध झाली. इतर प्रकारचे तारे आणि वायुमेघही याच रंगात चमकतात. त्यामुळे प्रत्येकीचा वर्णपट तपासावा लागतो. त्यातील ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची हिरवी रेषा ही महत्त्वाची खूण होय. या रेषेचे कोडे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये उलगडले होते.

या अभ्यासातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. मँचेस्टर विद्यापीठाच्या ब्रायन रीस आणि आल्बर्ट झिल्स्ट्रा यांनी २०१३ मध्ये फुगवट्यातील १३० बिंबाभ्रिकांची छायाचित्रे तपासली. त्यांपैकी वाळूच्या घड्याळासारख्या दुपाखी बिंबाभ्रिकांचे लांब अक्ष आकाशगंगेच्या प्रतलाला समांतर असण्याकडे कल दिसला. एकमेकांशी कधीही संबंध न आलेल्या ताऱ्यांमध्ये ही शिस्त कोठून आली? चिलीतील ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’ने घेतलेल्या १३६ बिंबाभ्रिकांच्या प्रतिमांवरून २०२३ मध्ये असे आढळले, की ही शिस्त प्रामुख्याने मध्यभागी एकमेकांभोवती वेगाने फिरणारे जोडतारे असलेल्या बिंबाभ्रिकांतच आहे. हे तारे जन्मले तेव्हाच्या प्रबळ चुंबकीय क्षेत्राने त्यांच्या कक्षांना दिशा दिली असावी, असा एक तर्क आहे. तो सिद्ध झाल्यास काही हजार वर्षांत विरून जाणाऱ्या या वायुमेघांतून आकाशगंगेचा अब्जावधी वर्षांपूर्वीचा इतिहास वाचता येईल.